आयर्लंडमध्ये खाण्यापिण्यावर लक्ष कोण ठेवतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्लिन, कॉर्क, गॉलवे, लिमरिकमध्ये आता मराठी माणसं बरीच झालीयेत, त्यातले काही घरून डबे देतात, कोणी केक करतं, कोणी फूड स्टॉल टाकायच्या विचारात आहे. त्यामुळे तेच तेच प्रश्न सारखे येतात, लायसन लागतं का, इन्स्पेक्टर कुठून येतो, तक्रार कुठे करायची वगैरे. म्हणून सगळं एकत्र लिहिलंय. ज्यांना काहीच विकायचं नाही, फक्त हा छोटा देश हे सगळं सांभाळतो कसं एवढंच कळून घ्यायचंय, त्यांनाही उपयोग होईल.

आयर्लंडमध्ये अन्न सुरक्षेची मुख्य जबाबदारी कोणाची?

फूड सेफ्टी ऑथॉरिटी ऑफ आयर्लंड, सगळे एफएसएआय म्हणतात. १९९८ चा कायदा आहे आणि १ जानेवारी १९९९ पासून संस्था सुरू झाली. ऑफिस डब्लिनच्या आयएफएससी या बँका-ऑफिसांच्या भागात आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कायद्याप्रमाणे पहिली जबाबदारी सरकारची नाहीच, जो अन्न बनवतो किंवा विकतो त्याची आहे. एफएसएआय बघते की तो ती पाळतोय का. हा फरक डोक्यात ठेवला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात.

वेगळी संस्था कशाला काढली? शेती खातं होतंच की.

तेच तर कारण आहे. १९९६ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने मान्य केलं की गायींच्या बीएसई रोगाचा, म्हणजे ज्याला लोक मॅड काऊ म्हणायचे त्याचा, माणसांच्या जीवघेण्या आजाराशी संबंध असावा. सगळ्या युरोपात बीफवरचा लोकांचा विश्वास उडाला. आयर्लंडसाठी हा धक्का फार मोठा होता, कारण लोकसंख्या जेमतेम ५० लाखांच्या आसपास आणि त्यातही तेव्हा तर अजून कमी, आणि देशात तयार होणारं साधारण ९० टक्के बीफ बाहेर विकलं जातं. बाहेरच्या गिऱ्हाइकाचा भरवसा गेला की गावंच्या गावं अडचणीत येतात.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की जे खातं शेतकऱ्याचा माल खपावा म्हणून झटतं, त्याच खात्याने हा माल सुरक्षित आहे असं सांगितलं तर लोकांनी विश्वास का ठेवायचा? म्हणून एफएसएआय आरोग्य खात्याच्या हाताखाली ठेवली, शेती खात्याच्या नाही. आयरिश मालाची जाहिरात करायला बोर्ड बीया नावाची संस्था पूर्ण वेगळी आहे. विकणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच, बाकी सगळं यानंतर येतं. पहिले प्रमुख पॅट्रिक वॉल होते, त्यांच्या काळातच संस्था उघडपणे, लोकांशी थेट बोलायला लागली.

म्हणजे हॉटेलात येणारा इन्स्पेक्टर एफएसएआयचा असतो का?

बहुतेक वेळा नाही, आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. एफएसएआयने स्वतःची इन्स्पेक्टरांची मोठी फौज उभी केलीच नाही. आधीपासून जी खाती तपासणीचं काम करत होती त्यांच्याशी तिने करार केले, त्याला सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. काय तपासायचं, किती तपासायचं, हिशोब कसा द्यायचा हे करारात लिहिलेलं असतं, आणि एफएसएआय त्या खात्यांचंही ऑडिट करते.

रेस्टॉरंट, टेक-अवे, दुकानं, सुपरमार्केट, शाळा-हॉस्पिटलची किचनं, तुमचं घरगुती डब्याचं काम, हे सगळं एचएसई म्हणजे सरकारी आरोग्य सेवेकडे. त्यांचे एन्व्हायर्नमेंटल हेल्थ ऑफिसर असतात, बोलताना सगळे इएचओच म्हणतात. कत्तलखाने, मांसाचे कारखाने, दूध, अंडी, जनावरांचं खाद्य हे शेती खात्याकडे. छोटे कत्तलखाने आधी कौंटी कौन्सिलचे पशुवैद्य बघायचे, ते कामही आता शेती खात्यात गेलंय. मासे आणि शिंपले सी-फिशरीज प्रोटेक्शन ऑथॉरिटीकडे, तिचं मुख्यालय कॉर्कमधल्या क्लोनाकिल्टी गावात, २००७ पासून काम करते. सप्लिमेंट बाजारात आणायच्या असतील तर थेट एफएसएआयला कळवायचं, पण बाटलीवर आजार बरा होतो असं लिहिलं की ते औषध झालं आणि प्रकरण औषधवाल्या एचपीआरए संस्थेकडे जातं.

गिऱ्हाइकाला हे सगळं पाठ करायची काही गरज नाही, तक्रार एफएसएआयकडे टाकली की ते योग्य खात्याकडे पाठवतात.

नियम आयर्लंडचे की युरोपियन युनियनचे?

मुख्य नियम युनियनचे. पाया म्हणजे २००२ चा १७८ नंबरचा, त्यात माग काढता आला पाहिजे हे तत्त्व आहे, म्हणजे प्रत्येक धंदेवाल्याला माल कुठून आला आणि कोणाला दिला हे सांगता आलं पाहिजे. स्वच्छतेसाठी २००४ चे ८५२ आणि ८५३ नंबरचे नियम, आणि सरकारी तपासणी कशी करायची यासाठी २०१७ चा ६२५ नंबरचा. आयर्लंड त्यावर थोडी स्वतःची भर घालतं, उदाहरणार्थ हॉटेलच्या मेन्यूवर बीफ कुठल्या देशाचं आहे हे लिहावंच लागतं, हा इथला २००६ चा नियम.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. युरोपियन कमिशनचं अन्न तपासणीचं ऑडिट करणारं ऑफिस ब्रसेल्समध्ये नाही, ते मीथ कौंटीत ग्रेंज नावाच्या ठिकाणी आहे, चारी बाजूंनी शेतं. तिथले लोक सगळ्या सदस्य देशांच्या व्यवस्था तपासतात आणि युरोपला माल पाठवणाऱ्या बाहेरच्या देशांतही जातात, भारतातही मासळी-कोळंबीच्या निर्यातीच्या निमित्ताने त्यांच्या फेऱ्या झाल्यात. आणि अर्थात आयर्लंडलाही तपासतात, जवळ आहे म्हणून सूट नाही.

घरून डबे किंवा केक विकायचे असतील तर काय लागतं?

रजिस्ट्रेशन, आणि ते सुरू करण्याआधी. नियमित विकणार असाल, म्हणजे दर आठवड्याला ऑर्डर घेताय, पैसे घेताय, तर घरचं किचन असलं तरी तो फूड बिझनेसच. एचएसईच्या आपल्या भागातल्या ऑफिसला फॉर्म द्यायचा. मालक बदलला की रजिस्ट्रेशन नव्याने, ते नावावर चढवता येत नाही. मांस-दूध प्रक्रियेचे मोठे कारखाने वगैरेंना नुसतं रजिस्ट्रेशन पुरत नाही, आधी अप्रूव्हल घ्यावं लागतं, अधिकारी येऊन बघून गेल्याशिवाय सुरूच करता येत नाही. डबेवाल्यांना सहसा त्याची गरज पडत नाही.

त्याशिवाय हॅसपवर आधारलेली लेखी पद्धत लागते. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, धोका कुठे आहे, तो कसा टाळता आणि टाळला याची नोंद कुठे, एवढंच. छोट्या लोकांसाठी एफएसएआयने सेफ केटरिंग पॅक तयार केलंय, त्यात फ्रिजचं तापमान, माल कधी आला, शिजवणं आणि थंड करणं याचे भरायचे तक्ते आहेत. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी आणि इन्शुरन्स हे वेगळे विषय, पण तेही आधी मार्गी लावा. रस्त्यावर किंवा बाजारात स्टॉल टाकायचा असेल तर कौन्सिलचं कॅज्युअल ट्रेडिंग लायसन लागू शकतं, ते विचारून घ्या.

मंडळाच्या गणपतीला मोदक केले तर त्यालाही रजिस्ट्रेशन?

वर्षातून एखाद वेळी चार घरांनी मिळून प्रसाद केला तर तो सहसा फूड बिझनेस धरत नाहीत, जत्रा, शाळा, चर्चच्या कार्यक्रमांनाही हेच लागू. पण दर महिन्याला तिकीट लावून जेवण ठेवताय, तेच लोक नियमित स्वयंपाक करतायत, तर चित्र बदलतं. शंका असेल तर इएचओला फोन करून विचारा, सल्ला देणं हे त्यांचं कामच आहे. आणि कायदा लागू नसला तरी दोनशे माणसांचा मसालेभात मोठ्या पातेल्यात तासनतास कोमट ठेवू नका. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू जिवंत राहतात, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही.

इन्स्पेक्टर आला की नेमकं काय बघतो?

फोन करून येत नाहीत, हे आधी धरून चाला. ओळखपत्र दाखवतात, कोट घालतात आणि बहुतेक जण सगळ्यात आधी हात धुवायच्या बेसिनकडे जातात. गरम पाणी येतंय का, साबण आहे का, हात पुसायला कागद आहे का, आणि त्याच बेसिनमध्ये भाजी किंवा भांडी धुतली जातायत का. बेसिनमध्ये कढई ठेवलेली दिसली की पुढच्या तपासणीचा सूर तिथेच ठरतो, कारण त्याचा अर्थ इथे कोणी हात धूत नाही.

मग फ्रिज. बाहेरच्या आकड्यावर विश्वास नाही, स्वतःचा थर्मामीटर आत घालतात. थंड पदार्थ ५ अंश किंवा त्याच्या खाली, गरम ठेवलेले ६३ च्या वर, शिजवताना आतलं तापमान ७५ आणि परत गरम करताना निदान ७०. कच्चं चिकन वर आणि कोथिंबीर खाली असं ठेवलंय का ते बघतात. नंतर फ्रिजच्या मागे, ओट्याच्या खाली, सिलिंगच्या टाइल्स, मागच्या दाराची फट, कचऱ्याची जागा. बॅटरी घेऊन कोपऱ्यात वाकून बघतात, उंदराच्या लेंड्या कोपऱ्यातच सापडतात.

शेवटी कागद. तापमानाचे तक्ते, कामगारांचं ट्रेनिंग, मालाची बिलं. आणि इथे एक कळकळीची विनंती, महिनाभराचा तक्ता एकाच पेनाने एकाच बैठकीत भरू नका, रोज ४ अंश, ४ अंश, ४ अंश. ते त्यांना एका नजरेत कळतं, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे फ्रिज बिघडला तर तुम्हालाच कळणार नाही, तक्ता तुमच्यासाठी आहे.

किती वेळा येतात हे धोक्यावर ठरतं. कच्चं मांस हाताळणाऱ्या मोठ्या किचनला जास्त फेऱ्या, पाकीटबंद चॉकलेट विकणाऱ्या दुकानाला कमी.

ॲलर्जीची माहिती आपल्या छोट्या धंद्यालाही द्यावी लागते का?

हो, आणि लेखी. युनियनच्या नियमाप्रमाणे डिसेंबर २०१४ पासून १४ ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणारे घटक, सांगावे लागतात आणि आयर्लंडने सुट्या पदार्थांसाठी ते लेखीच पाहिजे असं ठरवलंय, कोणी विचारलं तर तोंडी सांगू हे चालत नाही. गिऱ्हाइकाला न विचारता, ऑर्डर देण्याआधी दिसलं पाहिजे.

आपल्या जेवणात हा प्रकार किती खोल जातो ते बघा. साधी तुरीची आमटी घ्या. आपण म्हणतो, यात काय आहे, डाळ, चिंच, गूळ. पण फोडणीत मोहरी, म्हणजे मस्टर्ड, यादीतलं. हिंग डबीतला असेल तर त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे ग्लुटेन, डबीच्या मागे वाचा. गोडा मसाल्यात तीळ, तेही यादीत. वरून तूप सोडलं की दूध. एका वाटी आमटीत चार झाले आणि शेंगदाण्याचा अजून विषयही निघाला नाही. भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठाबरोबरचा ठेचा, कूट कुठे नसतं? आणि एकच चमचा सगळ्या भांड्यांत फिरतो. खोबरं मात्र या १४ मध्ये नाही, बऱ्याच जणांना वाटतं आहे म्हणून.

शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या पोराला काही मिनिटांत श्वास घेता येत नाही. मेन्यूवर बारीक अक्षरात काहीतरी लिहून मोकळं होण्याची ही गोष्ट नाही, प्रत्येक पदार्थाची रेसिपी मसाल्याच्या पाकिटापर्यंत उलगडून कागदावर काढा, आणि ब्रँड बदलला की यादी परत तपासा.

क्लोजर ऑर्डर म्हणजे काय? लगेच बंद करतात?

लोकांच्या आरोग्याला गंभीर आणि तातडीचा धोका दिसला तर हो, त्याच दिवशी. पूर्ण जागा बंद होऊ शकते किंवा फक्त एखादा भाग. धोका एवढा मोठा नसेल तर इम्प्रूव्हमेंट नोटीस मिळते, ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करा, नाही केलं तर डिस्ट्रिक्ट कोर्टाकडून इम्प्रूव्हमेंट ऑर्डर. विशिष्ट मालावर प्रोहिबिशन ऑर्डर निघते. क्लोजर ऑर्डरविरुद्ध कोर्टात जाता येतं. दुरुस्त केलं, परत तपासणी झाली, की ऑर्डर उठते.

पण खरा धाक वेगळाच आहे. धंद्याचं नाव, पत्ता, तारीख एफएसएआयच्या वेबसाइटवर लागते आणि दर महिन्याला प्रेसला जाते, कारणांसकट. उंदराच्या लेंड्या, झुरळं, गरम पाणी नाही, सांडपाणी तुंबलेलं, रजिस्ट्रेशनच नाही, हे असं लिहिलेलं असतं. दुरुस्ती झाल्यावरही क्लोजर ऑर्डरची नोंद पुढे तीन महिने तिथे राहते. २०२३ मध्ये या सगळ्या प्रकारच्या मिळून ९२ एन्फोर्समेंट ऑर्डर निघाल्या होत्या, २०२४ मध्ये १३३. देशभरात फूड बिझनेस ५० हजारांच्या आसपास आहेत हे धरलं तर आकडा छोटा वाटेल, पण गावातल्या प्रत्येकाने ती बातमी वाचलेली असते. माझं ठाम मत आहे की दंडापेक्षा हे जास्त काम करतं, आणि इथे मोठ्या नावाला वेगळा न्याय नाही, चेन असो की कोपऱ्यावरचं दुकान, यादी एकच.

दारावर रेटिंगचा स्टिकर का दिसत नाही?

कारण आयर्लंड प्रजासत्ताकात तशी योजनाच नाही. बॉर्डर ओलांडून नॉर्दर्न आयर्लंडमध्ये गेलात, न्युरी किंवा बेलफास्टला, की दारावर ० ते ५ आकड्याचा स्टिकर दिसेल, ऑक्टोबर २०१६ पासून तिथे तो लावणं सक्तीचं आहे. इकडे मात्र जे एकदम वाईट आहेत त्यांचीच नावं कळतात, जो जेमतेम पास झाला आणि जो उत्कृष्ट आहे ते दोघं गिऱ्हाइकाला सारखेच. ही मला इथली खरी उणीव वाटते. स्टिकरमुळे चांगलं किचन ठेवणाऱ्या छोट्या हॉटेलवाल्याला फुकट जाहिरात मिळाली असती, तपासणीचे रिपोर्ट सरकारकडे आहेतच, फक्त दारावर यायचे बाकी आहेत.

सेफफूड आणि एफएसएआय एकच का?

नाही. सेफफूड ही नॉर्दर्न आयर्लंडच्या शांततेसाठी झालेल्या गुड फ्रायडे करारातून निघालेली, बेटाच्या दोन्ही भागांसाठी असलेली संस्था आहे, मुख्यालय कॉर्कला. ती जागरूकता आणि संशोधन बघते, टर्की कशी शिजवायची, फ्रिजमध्ये काय किती दिवस ठेवायचं वगैरे. कारवाईचा अधिकार तिला नाही.

शिंपले आणि कालवांचं वेगळं काय आहे?

कोकणातून आलेल्यांना यात रस असतो म्हणून जरा सविस्तर. शिंपले आणि कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यात जे आहे ते त्यांच्या पोटात साठतं. म्हणून इथे आधी समुद्राच्या त्या भागाचीच वर्गवारी करतात. १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय जंतूंची संख्या २३० पर्यंत असेल तर ए वर्ग, थेट विकता येतं. ४६०० पर्यंत बी वर्ग, मग स्वच्छ पाण्याच्या टाक्यांमध्ये ठेवून शुद्ध करावं लागतं. त्याच्याही वर सी वर्ग, ते दुसऱ्या चांगल्या पाण्यात निदान दोन महिने हलवा नाहीतर उष्णता देऊन प्रक्रिया करा.

दुसरा धोका शेवाळातल्या विषांचा, ती शिजवून जात नाहीत. १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये काही लोक शिंपले खाऊन आजारी पडले, शिंपले आले होते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किलरी हार्बरमधून. शोधता शोधता विषाचा एक नवाच प्रकार सापडला, ॲझास्पायरॅसिड. आज गॉलवेजवळ ओरनमोरला मरीन इन्स्टिट्यूट आहे, तिथे नमुने नेमाने तपासले जातात आणि विष मर्यादेबाहेर गेलं की ती खाडी काढणीला बंद. शिंपल्यांची शेती करणाऱ्याचं नुकसान होतं, पण बंद म्हणजे बंद. म्हणून किनाऱ्यावर फिरताना स्वतः शिंपले गोळा करून खाऊ नका, ती खाडी आज उघडी आहे की बंद हे बघून ओळखता येत नाही.

घोड्याच्या मांसाचं प्रकरण इथूनच निघालं का?

हो, आणि ते एफएसएआयनेच काढलं. त्यांनी सुपरमार्केटमधले २७ बीफ बर्गर डीएनएसाठी तपासले. १५ जानेवारी २०१३ ला निकाल जाहीर केला, १० मध्ये घोड्याचा डीएनए, २३ मध्ये डुकराचा, आणि एका बर्गरमध्ये तर बीफच्या तुलनेत २९ टक्के घोडा. कोणी आजारी पडलं म्हणून ही तपासणी केली नव्हती, लेबलवर जे लिहिलंय तेच आत आहे का एवढंच बघायचं होतं. पुढच्या काही आठवड्यांत अर्ध्या युरोपातून अशाच बातम्या यायला लागल्या.

ज्या देशाचं पोट बीफच्या निर्यातीवर आहे त्या देशाच्या सरकारी संस्थेने आपल्याच बीफ उद्योगाबद्दल हे जगाला ओरडून सांगितलं. त्या वेळी प्रमुख ॲलन रायली होते आणि टीका कमी झाली नाही. शेती खात्याच्या हाताखाली संस्था असती तर हा निकाल त्याच धडाक्यात बाहेर आला असता का, मला शंका आहे.

आणि २००८ चं डुकराच्या मांसाचं?

ते जास्त महाग पडलं. जनावरांचं खाद्य करणाऱ्या एका ठिकाणी वाया गेलेला पाव वाळवायच्या यंत्रात दूषित तेल जळणासाठी वापरलं गेलं, त्यातून डायॉक्सिन हे विषारी रसायन खाद्यात, खाद्यातून डुकरांत. नेहमीच्या तपासणीत एका नमुन्यात शंका आली, आणि ६ डिसेंबर २००८ ला, नाताळाच्या तोंडावर, १ सप्टेंबरनंतर तयार झालेलं सगळं आयरिश पोर्क बाजारातून परत बोलावलं. काही नमुन्यांत मर्यादेच्या ८० ते २०० पट.

दूषित खाद्य गेलं होतं फक्त १० डुक्करपालकांकडे. मग सगळं का परत बोलावलं? कारण मांसाच्या कारखान्यात त्या १० जणांचा माल बाकीच्यांच्या मालात मिसळला गेला होता आणि कुठलं पाकीट कोणाचं हे वेगळं काढता येईना. भरपाईसाठी १८ कोटी युरोपर्यंतची तरतूद करावी लागली. प्रत्येक बिलावर बॅच नंबर का मागतात असं वैतागून विचारणाऱ्यांना मी नेहमी हीच गोष्ट सांगतो.

तपासणी होते कुठे?

पब्लिक ॲनालिस्टच्या, म्हणजे अन्नाचे नमुने तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञांच्या, लॅब डब्लिन, कॉर्क आणि गॉलवेला आहेत, शेती खात्याची मोठी लॅब किल्डेअर कौंटीत बॅकवेस्टनला. जे इथे होत नाही ते दुसऱ्या देशांतल्या लॅबकडे पाठवतात, छोट्या देशाला सगळी यंत्रं स्वतः ठेवणं परवडत नाही आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

भारतातून येणारा किराणा माल तपासतात का?

तपासतात, काही वस्तू जास्तच. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने युनियनच्या सूचना यंत्रणेवर कळवलं की भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलंय. जंतू मारायला हा वायू वापरतात, पण युरोपात अन्नासाठी त्याला बंदी आहे, तिळाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम आणि काही नमुने त्याच्या हजार पटींच्याही वर होते. मग पाव, बेगल, बिस्किटं, मसाले असा माल देशोदेशी परत बोलावला गेला, आयर्लंडमध्येही. त्यानंतर भारतीय तिळाच्या अर्ध्या खेपांची सीमेवर तपासणी सुरू झाली. भेंडी, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा यांच्यावर कीटकनाशकांसाठी जादा लक्ष असतं.

ब्रेक्झिटचाही फटका आहे. इथल्या इंडियन स्टोअरचा बराच माल इंग्लंडच्या होलसेलवाल्यांकडून यायचा, २०२१ पासून तोही बाहेरच्या देशातून आलेला माल धरला जातो, डब्लिन आणि रॉसलेअर या बंदरांवर कागद आणि तपासणी. पनीर, तुपाची मिठाई कधी कधी महिनाभर मिळत नाही त्यामागे हेही कारण असू शकतं.

भारतातून येताना बॅगेत काय चालतं?

मांस आणि दुधाचे पदार्थ नाही. म्हणजे पेढे, खव्याची बर्फी, घरचं तूप, काहीच नाही, आईने कितीही प्रेमाने बांधून दिलं तरी. सापडलं तर काढून घेतात आणि नष्ट करतात. कारण जनावरांचे रोग, लाळ्या-खुरकतचा एक विषाणू इथल्या गोठ्यांत शिरला तर काय होईल याचा विचार करा. सुकी मासळी मात्र स्वतःसाठी २० किलोपर्यंत आणता येते, त्यामुळे सुके बोंबील चालतात. चिवडा, चकली, मसाले, लाल तिखट यांना सहसा अडचण नसते.

ताजी फळं आणि भाज्या सरकारी रोगमुक्तीच्या सर्टिफिकेटशिवाय नाहीत, अपवाद अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन. हापूसची पेटी हातात घेऊन उतरू नका. मे २०१४ मध्ये फळमाशीमुळे युनियनने भारतीय आंब्यावरच बंदी घातली होती, सोबत अळू, कारलं, पडवळ, वांगी, आंब्याची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. हा सगळा वनस्पतींच्या रोगांचा विषय असल्यामुळे तो शेती खात्याकडे आहे, एफएसएआयकडे नाही.

बाहेर खाऊन आजारी पडलो तर काय करायचं?

आधी डॉक्टर. साल्मोनेला किंवा व्हीटेक (विष तयार करणारे ई. कोलाय जंतू) यांच्यासारखे आजार डॉक्टरांनी आणि लॅबने आरोग्य खात्याला कळवावेच लागतात, त्यातूनच चार वेगवेगळ्या लोकांचं एकच हॉटेल निघालं हे समजतं. मग एफएसएआयच्या वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म भरा, कुठे, कधी, काय खाल्लं, त्रास कधी सुरू झाला. उरलेलं अन्न असेल तर टाकू नका, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. शेवटचं खाल्लेलंच कारणीभूत असतं असं नाही, काही जंतू दोन-तीन दिवसांनी त्रास देतात.

जाता जाता, व्हीटेकचं प्रमाण आयर्लंडमध्ये युरोपात नेहमी वरच्या देशांत असतं आणि त्याचं एक मोठं कारण हॉटेल नाही तर खेड्यातल्या खाजगी विहिरी आणि बोअरचं पाणी. गाव भागात घर घेतलं असेल तर विहिरीचं पाणी लॅबमधून तपासून घ्या, लहान मुलं असतील तर नक्कीच, मुलांच्या किडन्यांवर याचा परिणाम होतो.

हे आपल्या महाराष्ट्रातल्या एफडीएसारखंच आहे का?

थोडं. भारतात २००६ चा कायदा आणि वर केंद्राची एफएसएसएआय, राज्यात अंमलबजावणी एफडीएची, आणि तीच एफडीए औषधंही बघते. इथे औषधं पूर्ण वेगळी. बाकी लोकसंख्येची तुलनाच नाही, पुणे जिल्ह्याची लोकसंख्या या देशापेक्षा जास्त आहे. त्यामुळे इथलं जसंच्या तसं तिकडे होईल असं मी म्हणणार नाही, पण बंद केलेल्या हॉटेलांची नावं कारणांसकट दर महिन्याला एका जागी लावायला लोकसंख्या आडवी येत नाही.

माल परत बोलावल्याची बातमी कशी कळते?

एफएसएआयच्या वेबसाइटवर ईमेल द्या, फूड अलर्ट आणि ॲलर्जन अलर्ट वेगवेगळे असतात, घरात कोणाला ॲलर्जी असेल तर दुसरा घ्याच. दुकानातही काउंटरजवळ नोटीस लावतात. विथड्रॉवल म्हणजे माल दुकानातून काढला, रिकॉल म्हणजे तुमच्या घरी पोचला असेल तोही परत द्या किंवा टाकून द्या.

अलर्टमध्ये ब्रँड, पाकिटाचा साइज, बॅच कोड आणि तारीख दिलेली असते. आता आपली अडचण अशी की आपण तीळ, डाळी, मसाले घरी आणले की डब्यात ओततो आणि पाकीट फेकतो, मग अलर्ट आला तरी आपला माल त्यातलाच का हे सांगता येत नाही. पाकिटाचा कोड असलेला तुकडा कात्रीने कापून त्याच डब्याला रबर लावून अडकवा किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि जुना माल संपल्याशिवाय त्याच डब्यात नवीन ओतू नका.